न पाहिलेला फकिरा

अण्णा भाऊ साठे यांच्याबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं: शाळा नाही, पण अनुभव केवढा! १ ऑगस्टला आमच्या शिराळ्यात, शेजारच्या वाळवा तालुक्यात ते भाषणांतून ऐकू येतं. म्हणणारे कौतुकानेच म्हणतात, पण त्यात लेखकाची मेहनत गायब होते. जणू वाटेगावात जन्मायचं, मुंबईत हाल सोसायचे, की कादंबरी आपोआप उतरते. याच समजुतीपायी दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारी आमची पिढी ‘आपल्याकडे कुठला अनुभव?’ म्हणत कथा अर्ध्यावर सोडते.

याला खुद्द अण्णा भाऊंचाही हातभार आहे. जे पाहिलं, जगलं तेच लिहितो, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. (लेखकाने स्वतःच्या कामाबद्दल सांगितलेलं डॉक्युमेंटेशनसारखं वाचावं. उपयोगी असतं, पण कोड उघडून बघावाच लागतो.)

‘फकिरा’च घ्या. कादंबरी १९५९ची, तिला राज्य सरकारचा पुरस्कार १९६१चा, लेखकाचा जन्म १९२०चा. त्यांच्या जन्मावेळी फकिराने लुटीतले दोन ओंजळी सुरती रुपये दिले, अशी कथा सांगतात. ती खरी धरली तरी तान्ह्या पोराला काय दिसणार? राणोजीने जोगणी आणणं, पुढे फकिराने खजिना लुटणं, यातलं काही अण्णा भाऊंनी पाहिलेलं नाही. हाताशी होत्या त्या ऐकीव गोष्टी. आणि ऐकीव गोष्टीत मधले दुवे नसतात. आमच्याकडे कुठल्याही पारावर बंडखोराची गोष्ट ऐका. पराक्रम असतो, शेवट असतो. त्या रात्री घरी मागे राहिलेल्यांनी काय केलं, ते कुणी सांगत नाही. कादंबरीला नेमकं तेच लागतं. ते रचावं लागतं.

ही रचना ते फडावर शिकले असावेत. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. समोर दिवसभर राबून आलेला कामगार. कंटाळला तर उठून जाणार. म्हणून ‘फकिरा’त माणसं थेट प्रवेश घेतात, बोलायला लागतात, भांडण पेटतं. याची किंमतही आहे. खलपुरुष येताच ओळखू येतो, विशेषणं ढोलकीसारखी वाजतात, आणि काही दुय्यम कादंबऱ्यांत तर नावं बदलली तरी फरक पडू नये. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या हातून हे व्हायचंच, असं म्हणून मी ते सोडणार नाही. घाई दिसते.

ती दिसत नाही ‘स्मशानातील सोनं’ या कथेत. वारणाकाठचा भीमा, मुंबईजवळची बंद पडलेली खाण, मग राखेत आणि मढ्यांत सोनं शोधणं. इथे लेखक थांबून हात बघतो. राख चाळणारे हात, कोल्ह्यांशी झुंजणारे हात, शेवटी मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटं. खाण पुन्हा सुरू होते, पण पहार धरणारी बोटं गेलेली असतात. भीमा कसा आहे हे सांगायला तिथे एकही विशेषण लागत नाही.