‘तेच तुणतुणं’ म्हणण्याआधी

(वारजे, पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजची सुरुवात एका टोमण्यापासून करू. एखादा माणूस पुन्हापुन्हा एकच मुद्दा मांडायला लागला की आपण म्हणतो, ‘लागला परत आपलं तुणतुणं वाजवायला.’ आम्हीही म्हणतो. बोलण्याच्या ओघात कितीदा म्हटलं असेल, मोजलेलं नाही. आज त्याची थोडी परतफेड करायची आहे. कारण या वाक्प्रचारात एका वाद्यावर आणि ते वाजवणाऱ्या माणसावर अन्याय झालाय, असं आमचं मत आहे.

आधी वाद्य बघू. लाकडाचं किंवा पितळेचं पोकळ नळकांडं, तळाला ताणून बसवलेलं चामडं, बाजूला बांबूची काठी, तिच्या वरच्या टोकाला खुंटी. खुंटीपासून निघालेली तार चामड्याच्या मध्यात ओवलेली. बस्स, एवढंच. एक तार, एक सूर. गोंधळात संबळाच्या जोडीला, पोवाड्यात डफाच्या आणि तमाशात ढोलकीच्या जोडीला हे वाद्य असतं. वाजवणारा मागे उभा राहतो आणि बहुधा झीलही तोच धरतो.

आता प्रश्न असा, की एकच सूर वाजवणं हा त्याचा दोष की त्याचं काम? शाहीर पोवाडा गातो, मध्येच थांबून गद्यात प्रसंग सांगतो, श्रोत्यांशी दोन शब्द बोलतो, दम घेतो आणि पुन्हा गाण्यात शिरतो. परत येताना त्याला पट्टी तीच कशी सापडते? मागे तार चालू असते म्हणून. शिवाय ती ठेक्यात छेडली जाते, म्हणजे एकच माणूस सूरही धरतो आणि लयीलाही हातभार लावतो. त्याला कंटाळा आला आणि त्याने सूर बदलला, तर शाहीर उघडा पडेल. त्याने तेच वाजवायचं असतं. तेच वाजवण्यासाठी तो उभा असतो.

कोणी म्हणेल, अहो, वाक्प्रचारच तो, एवढं काय मनावर घ्यायचं? आणि आवाज बारीक, टोचरा आहेच की. खरं आहे. एकटं तुणतुणं तासभर ऐकलं तर कोणीही वैतागेल. पण नुसतं मीठ चाखून स्वयंपाक खारट झाला, असं आपण म्हणतो का? आणि तंबोऱ्याचं काय? तोही मैफल संपेपर्यंत तेच सूर देतो. त्याच्यावर कोणी रटाळपणाचा ठपका ठेवत नाही. तंबोऱ्यामागे बसणं ही शिक्षणाची पायरी मानली जाते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हालाही आनंद आहे. पण काम त्याच जातीचं असताना एकाच्या वाट्याला आदर आणि दुसऱ्याच्या वाट्याला टोमणा, हा फरक नुसत्या नादाचा नाही. तंबोरा बैठकीतला. तुणतुणं अंगणातलं, फडातलं. गोंधळी, तमासगीर यांच्या हातातलं. गोंधळी समाजाची नोंद भटक्या जमातींत आहे. भाषेने वाद्याला नाव ठेवलं, तेव्हा तिला वाजवणाराही दिसत होता, असं आम्हाला वाटतं.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. स्पेनच्या गॅलिसियात झानफोना आणि शेजारच्या पोर्तुगालमध्ये सान्फोना नावाचं वाद्य आहे. हाताने दांडा फिरवला की आतलं चाक तारांवर घासतं. काही तारांवर चाल वाजते आणि बाकीच्या एकच सूर धरून ठेवतात. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकातलं एक दगडी शिल्प आहे. त्यात या वाद्याचा जुना अवतार दोन वृद्ध मिळून वाजवताना दिसतात. पुढे तेच वाद्य रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या अंध गायकांच्या हाती आलं. ब्राझीलमध्ये तर सान्फोना म्हटलं की आज लोकांना अकॉर्डियन आठवतं. नाव राहिलं, वाद्य बदललं. गॅलिसियात मात्र विसाव्या शतकात फाउस्तिनो सांतालिसेस यांनी ते वाद्य पुन्हा वाजवलं, बनवलं आणि शिकवलं. कमी लेखलेलं वाद्य असं परत उभं राहू शकतं, ते कोणीतरी पुन्हा हातात घेतल्यावर.

आपल्याकडे काय झालं? १८९१ मध्ये हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला. फार मोठं काम. ते नसतं तर कितीतरी रचना आपण गमावल्या असत्या. पण कागदावर आले ते शब्द. मागचा सूर कागदावर येत नाही. मग शिकलेल्या वाचकाने पोवाडा हा इतिहासाचा पुरावा किंवा कविता म्हणून वाचला. त्यात तारीख चुकली का, नाव बरोबर आहे का, हे तपासलं. हा मजकूर कोणाच्या साथीने, किती वेळ, कुठल्या दमाने उभा राहत होता, हा प्रश्न मागे पडला. आमच्या समीक्षेची ही उणीव आहे, आणि त्यात आम्हीही आलो.

आजच्या मंचावरही तेच दिसतं. फेटे असतात, डफावर प्रकाश असतो, शाहिरासमोर माईक असतो. तुणतुणं खांद्यावर असतं, पण त्याच्यापुढे बरेचदा माईकच नसतो. सूर कीबोर्डवरून येतो. म्हणजे दिसायला परंपरा आहे, ऐकायला नाही. कीबोर्डला आमचा विरोध नाही. पण ज्याला ऐकवायचं नाही, त्याला सजावटीसाठी उभं करू नये.

म्हणून दोनच विनंत्या. पुढच्या वेळी पोवाडा किंवा गोंधळ ऐकाल, तेव्हा थोडा वेळ समोरच्यावरून नजर काढून मागच्या माणसाकडे बघा आणि त्याचा सूर कानाने शोधा. आणि इथे कार्यक्रम भरवणारी मंडळी असतील, तर एक माईक तुणतुण्यालाही लावा.