गाणं संपेपर्यंत थांबणारा चित्रपट

डब्लिनमधल्या वाद्यांच्या एका दुकानात दुपारच्या जेवणाच्या वेळी एक मुलगी पियानोपाशी बसते. तिची पियानो घेण्याची ऐपत नाही; दुकानदार भला, म्हणून तो तिला रोज थोडा वेळ वाजवू देतो. आज तिच्याबरोबर एक तरुण आहे. त्याच्याकडे गिटार आहे आणि तिच्याकडे बिघडलेला व्हॅक्यूम क्लीनर, जो ती पाळलेल्या कुत्र्यासारखा नळीला धरून रस्त्याने ओढत आणते. ती काहीतरी वाजवते. तो विचारतो, हे तुझं का? ती सांगते, नाही, मेंडेलसनचं. मग तो स्वतःच्या नव्या गाण्याचा कागद तिच्यासमोर ठेवतो, स्वर सांगतो, कुठे वळायचं ते दाखवतो. तो गाऊ लागतो. ती आधी अंदाज घेत साथ करते, मग दबक्या आवाजात त्याच्या आवाजाखाली आपला आवाज मिळवते. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं दोघांचं झालेलं असतं.

जॉन कार्नी या आयरिश दिग्दर्शकाच्या ‘वन्स’ चित्रपटातला हा प्रसंग. गाण्याचं नाव ‘फॉलिंग स्लोली’. या प्रसंगात प्रेमाचा उच्चार नाही आणि स्पर्शही नाही. गातागाता तो तिच्या बोटांकडे बघतो आणि ती पुढचा स्वर कुठे बदलणार हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखू पाहते. दोघांचं सगळं लक्ष काम नीट जमण्यात गुंतलेलं आहे. कॅमेरा मधेच दुसरीकडे जात नाही, आठवणी दाखवत नाही, गाणं अर्ध्यावर तोडत नाही. एक अनोळखी माणूस आपल्या गाण्याकडे इतकं लक्ष देतो आहे, याचं नवल हळूहळू त्या तरुणाच्या चेहऱ्यावर उतरतं आणि आपल्याला ते उतरताना दिसतं. प्रेमात पडण्याचं इतकं खरं चित्रण पडद्यावर फार थोड्या वेळा झालं असेल.

या दोघांना चित्रपटभर नावं नाहीत. श्रेयनामावलीतही ते फक्त ‘तो’ आणि ‘ती’ आहेत. तो वडिलांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात ग्राफ्टन स्ट्रीटवर उभा राहून गातो. ती चेक प्रजासत्ताकातून आलेली. रस्त्यावर गुलाब विकते, घरकाम करते, आई आणि लहान मुलीसह एका छोट्या घरात राहते. पहिल्या भेटीत ती त्याच्या गिटारच्या पेटीत दहा सेंट टाकते आणि लगेच प्रश्न विचारायला लागते. रात्री स्वतःचं गाणं गातोस, मग दिवसा का नाही? तो सांगतो, दिवसा लोकांना ओळखीची गाणी हवी असतात, त्यांचेच पैसे मिळतात. कला करू पाहणाऱ्या माणसाचं सगळं अर्थशास्त्र या दोन वाक्यांत आलं. दिवसाची गाणी पोटासाठी, रात्रीची स्वतःसाठी, आणि रात्रीची ऐकायला थांबलेली ही पहिलीच.

चित्रपट घडला कसा, ते समजलं की त्याचं रूप अधिक उलगडतं. कार्नी एके काळी ‘द फ्रेम्स’ या डब्लिनच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्या बँडचा गायक ग्लेन हॅन्सार्ड याच्याकडून त्याने या चित्रपटासाठी गाणी लिहून घेतली. नायक म्हणून आधी किलियन मर्फी ठरला होता. तो बाहेर पडल्यावर कार्नीने गाणी लिहिणाऱ्यालाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. हॅन्सार्डने तेराव्या वर्षी शाळा सोडून याच शहराच्या रस्त्यांवर गायला सुरुवात केली होती. त्याच्या गिटारला वाजवून वाजवून पडलेलं भगदाड चित्रपटात दिसतं. ते कला विभागाने पाडलेलं नाही. नायिका मार्केता इर्ग्लोवा ही त्याच्या ओळखीच्या चेक कुटुंबातली. चित्रीकरणाच्या वेळी ती 17 वर्षांची होती आणि अभिनेत्री नव्हती. दोघांनी त्याआधीच एकत्र गाणी रचली होती.

2006 च्या जानेवारीत 17 दिवसांत चित्रीकरण आटोपलं. खर्च सुमारे 1 लाख 12 हजार युरो, त्यातला मोठा वाटा आयरिश फिल्म बोर्डाचा. रस्त्यावरच्या अनेक प्रसंगांसाठी परवानगी काढलेली नव्हती. दिवे जवळजवळ नाहीत, घरं मित्रांची, मेजवानीच्या प्रसंगात हॅन्सार्डचे खरेखुरे दोस्त आणि गाणारी त्याची खरी आई. कॅमेरा डिजिटल, हातात धरलेला. रस्त्यावर तो लांब पल्ल्याची लेन्स लावून दूर ठेवलेला, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांना चित्रीकरण चालू असल्याचा पत्ताच नव्हता.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी थांबतो. दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यामुळे पडद्यावर काय घडतं? नायक जीव तोडून गात असतो आणि त्याच्या आणि आपल्या मधून कुणाचे तरी खांदे, पिशव्या, डोकी जात राहतात. कुणी वळून बघत नाही. पगारी एक्स्ट्रा कलाकारांना ‘दुर्लक्ष करा’ असं सांगितलं असतं तर ते दुर्लक्ष करण्याचा अभिनय करत राहिले असते. इथे दुर्लक्ष खरं आहे. पैसा नव्हता म्हणून घेतलेला हा निर्णय रस्त्यावरच्या गायकाचं एकटेपण थेट पडद्यावर आणतो. गर्दीतून चालत येणारी ती एकटी त्याच्यासमोर थांबते, तेव्हा त्या थांबण्याला केवढं मोल आहे हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

चित्रपटात गाणी पुष्कळ आहेत, पण कुणी बोलता बोलता अचानक गाऊ लागत नाही. प्रत्येक गाण्याला जागा आहे, कारण आहे. एका रात्री तो तिला स्वतःची एक चाल देतो. शब्द तू लिही, म्हणतो. ती सीडी प्लेअरवर चाल ऐकायला बसते आणि बॅटरी संपते. ती मुलीच्या गल्ल्यातून नाणी काढते, परत करीन असं तिला कबूल करते, आणि घरातल्याच कपड्यांत कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. परतताना कानात चाल, ओठांवर नुकतेच लिहिलेले शब्द, आणि अंधाऱ्या रस्त्यावरून तिच्या पुढे मागे सरकत जाणारा कॅमेरा. निर्मिती ही गोष्ट पडद्यावर दाखवणं अवघड असतं. बहुतेक चित्रपट कागदाचे बोळे आणि सिगारेटची थोटकं दाखवून मोकळे होतात. इथे गाणं तयार होण्याची किंमत दोन बॅटऱ्यांएवढी आहे, आणि ती किंमतही लहान मुलीकडून उसनी घ्यावी लागते. मला हा या चित्रपटातला सगळ्यात श्रीमंत प्रसंग वाटतो.

तिचं हे घर डब्लिनच्या इतिहासातल्या एका नेमक्या क्षणाचं आहे. 2004 च्या मे महिन्यात चेक प्रजासत्ताकासह दहा देश युरोपीय संघात आले. नव्या देशांतल्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडणाऱ्या मोजक्या जुन्या सदस्यांमध्ये आयर्लंड होता. शतकभर आपली माणसं बाहेर पाठवणाऱ्या या देशात प्रथमच बाहेरची माणसं मोठ्या संख्येने येऊ लागली. चित्रपट यावर भाष्य करत नाही. फक्त शेजारचे काही जण टीव्हीवरची आयरिश मालिका बघायला तिच्या घरात शिरतात; तेवढाच एक टीव्ही, आणि इंग्रजी शिकण्याचा मार्गही तोच. ती मात्र दयेला पात्र अशी कुणी नाही. त्या दोघांतली करती बाई तीच. त्याची गाणी ध्वनिमुद्रित करायची ठरतात, तेव्हा स्टुडिओचं भाडं घासाघीस करून ती उतरवते, कर्जासाठी बँकेत जायचं ती ठरवते.

बँकेचा प्रसंग मला थोडा सोपा वाटतो. कर्ज देणारा अधिकारी स्वतःच हौशी गायक निघतो, टेबलामागून गिटार काढतो आणि काम होऊन जातं. हसू येतं, पण बाकी चित्रपटाचा सच्चेपणा इथे जरा पातळ होतो. साथीला घेतलेले रस्त्यावरचे वादकही फार उमटत नाहीत.

स्टुडिओत मात्र चित्रपट पुन्हा पकड घेतो. ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ आधी कंटाळलेला, आलेत आणखी काही हौशी, अशा चेहऱ्याचा. पहिलं गाणं सुरू होतं आणि काही ओळींतच तो खुर्चीत सावरून बसतो. संवाद नाही, कौतुक नाही. एका कारागिराने दुसऱ्याची कारागिरी ओळखली, एवढंच. रात्रभर काम करून पहाटे सगळे त्याच्या गाडीत बसून समुद्राकडे निघतात आणि गाडीच्या साध्या स्पीकरवर गाणी ऐकतात. स्टुडिओतल्या महागड्या स्पीकरवर काहीही चांगलं वाजतं. लोक ऐकतात ते असल्याच स्पीकरवर, म्हणून खरी परीक्षा तिथे. या नायकाच्या स्वप्नाची व्याप्ती केवढी, तर शनिवार-रविवार भाड्याने घेतलेला स्टुडिओ आणि हातात एक सीडी. पुढे तो लंडनला जातो; तिथे त्याचं नाव झालं की नाही, हे चित्रपट सांगत नाही. ते सांगण्याची गरज त्याला वाटत नाही, कारण गाणी झाली आहेत.

त्याच रात्री, सगळे थकलेले असताना, ती त्याला एका अंधाऱ्या खोलीतल्या पियानोवर स्वतःचं गाणं ऐकवते. ते मायदेशी राहिलेल्या नवऱ्याविषयीचं आहे. गाता गाता तिला रडू कोसळतं आणि गाणं तुटतं. गाणी पुरी होऊ देणाऱ्या या चित्रपटात नेमकं हे गाणं अपुरं राहतं. ती कुठे अडकली आहे ते त्यालाही कळतं आणि आपल्यालाही. त्यानंतर दोघांचं एकत्र येणं हा प्रश्न उरत नाही. तो जुन्या प्रेयसीच्या दिशेने लंडनला जातो, तिचा नवरा डब्लिनला येतो. जाण्याआधी तो तिच्या घरी एक पियानो पाठवतो. दुकानदाराच्या मर्जीवर जगणाऱ्या हातांना स्वतःचं वाद्य मिळतं. यापेक्षा मोठी प्रेमाची कबुली कोणती असू शकली असती, मला सुचत नाही.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. 2007 मध्ये सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कार, 2008 मध्ये ‘फॉलिंग स्लोली’ला ऑस्कर, नंतर ब्रॉडवेवर नाटक आणि त्याला आठ टोनी. कार्नीने 2013 मध्ये ‘बिगिन अगेन’ केला. न्यूयॉर्क, किरा नाइटली, मार्क रफेलो, आणि गोष्ट जवळपास अशीच: दोन हरलेली माणसं मिळून गाणी ध्वनिमुद्रित करतात. चित्रपट चांगला आहे, पण तिथे रस्ता सजवलेला दिसतो आणि गर्दी गर्दीचं काम करते. ‘वन्स’ त्याहून खूप मोठा चित्रपट आहे.

अजून पाहिला नसेल तर एक विनंती. मध्यावर ते दोघं मोटारसायकलवरून किलीनीच्या टेकडीवर जातात. तो तिला तिच्या भाषेत विचारतो, नवऱ्यावर प्रेम आहे का. ती चेकमध्ये उत्तर देते आणि अर्थ सांगत नाही. पडद्याखालीही तो येत नाही. त्या उत्तराचा अर्थ इंटरनेटवर क्षणात मिळतो. चित्रपट पूर्ण पाहून होईपर्यंत तो शोधू नका.