तक्त्यावरचे शेकरू

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील काही शाळांत अलीकडे आमचे जाणे झाले. अनेक वर्गांत 'आपली राज्यचिन्हे' हा रंगीत तक्ता टांगलेला होता. शेकरू, हरियाल, ताम्हण आणि आंबा. नव्या तक्त्यांवर २०१५ साली घोषित झालेले राणी पाकोळी हे फुलपाखरूही. मुलांना नावे तोंडपाठ होती. "शेकरू राहते कोठे?" असे विचारताच मात्र वर्ग गप्प झाला. एक-दोघांनी 'राणीच्या बागेत' असे उत्तर दिले. दोष मुलांचा नाही, तक्त्याचा आहे. म्हणून त्याचे हे परीक्षण.

प्रथम निवडीविषयी. ती चांगलीच आहे. शेकरू जगात केवळ भारतात आढळते आणि सह्याद्रीच्या दाट जंगलाची ते खूण आहे. तक्रार आहे ती मांडणीबद्दल.

पहिला दोष प्रमाणाचा. सर्व चित्रे एकाच मापाच्या चौकटीत असल्याने शेकरू म्हणजे अंगणातली खार असाच मुलांचा समज होतो. खारीचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. शेकराचे दीड ते दोन किलो. शेपटीसह त्याची लांबी मीटरभराच्या जवळ जाते. एका तक्त्यावर तर काळ्या पाठीचे शेकरू होते. तो रंग दक्षिणेकडील उपजातींचा. भीमाशंकरचे शेकरू पाठीवर तांबूस-तपकिरी, पोटाशी फिकट आणि शेपटीच्या टोकाला पांढुरके असते. एकाच जातीत प्रदेशानुसार फरक पडतात, हा उत्क्रांतीचा उत्तम धडा येथे वाया गेला.

दुसरा दोष अधिक गंभीर: तक्त्यावर प्राण्याचा पत्ताच नाही. शेकरू क्वचितच जमिनीवर उतरते. उंच झाडांच्या बारीक फांद्यांवर, जड शिकारी प्राणी पोहोचणार नाही अशा जागी, काटक्या-पानांचे गोल घरटे बांधते. एकेक शेकरू अशी अनेक घरटी राखते. या झाडावरून त्या झाडावर जाताना ते सहा मीटरपर्यंत झेप घेते. म्हणजे त्याचे घर एक झाड नव्हे, तर एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचे सलग छत. रुंद रस्ता किंवा तोडलेला पट्टा आपल्याला किरकोळ वाटतो. शेकराला ती भिंत असते. बदलापूर ते भीमाशंकर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर आहे. राज्यप्राणी इतका जवळ असून या शाळांच्या आसपास दिसत नाही, कारण मधल्या शेतांतून, वस्त्यांतून आणि उघड्या माळांवरून हे छत जातच नाही. तक्त्यावर एक छोटा नकाशा असता, तर हे मुलांना आपोआप कळले असते.

तिसरा दोष: प्रत्येक चिन्ह सुटे आहे. वालधुनी नदी काकोळ्याच्या डोंगरातून निघून अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून आणि उल्हासनगरातून वाहते व कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कारखान्यांचे व गटारांचे पाणी तिच्यात जाते हे मुलांना वासावरूनच ठाऊक आहे. हेच पाणी पुढे वसईच्या खाडीला मिळते. खाडीकाठच्या तिवरांत अनेक माशांची पिले वाढतात. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा तिवर ठरला आणि २०२३ साली पापलेट हा राज्यमासा. वर्गाच्या खिडकीखालच्या नाल्याचा या चिन्हांशी संबंध आहे, हे तक्ता सांगत नाही.

उल्हासनगरच्या शिक्षकांना वाटेल की, १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर वस्ती असलेल्या गावात निसर्ग दाखवायचा कोठे? आमचे उत्तर: वडावर, पिंपळावर, उंबरावर. हरियाल हा फळांवर जगणारा हिरवट-पिवळा पारवा आहे आणि ही झाडे त्याची आवडती. एकाच भागातील वेगवेगळी झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात, म्हणून इतर फळे नसतानाही पक्ष्यांना अन्न मिळते. शाळेजवळचे असे एक झाड निवडून त्याला फळे कधी आली, कोणते पक्षी आले, याची नोंद मुलांनी वर्षभर ठेवावी. कुंडीत लिंबाचे रोप लावावे. त्यावर बहुधा राणी पाकोळीच्या भाऊबंदांच्याच अळ्या मिळतील. तिच्या स्वतःच्या मिळाल्या तर उत्तमच. बदलापूरच्या मुलांनी बारवी धरणाकडे किंवा कोंडेश्वराकडे जाताना वर पाहावे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या कोठे भिडतात, कोठे तुटतात ते मोजावे. शेकराच्या नजरेने जंगल पाहण्याची ही सुरुवात होईल.

एक गैरसमज शेवटी दूर करायला हवा. राज्यप्राणी ठरल्याने प्राणी वाचत नाही. त्याला कायद्याचे संरक्षण आहे ते १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे, आणि त्याचे रान टिकले आहे ते १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यामुळे आणि गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या आहुप्यासारख्या देवरायांमुळे. तक्ता भिंतीवरून काढू नये, असेच आम्ही म्हणू. मात्र त्याच्या शेजारी मुलांनी केलेला दुसरा तक्ता असावा: आपल्या गावाचा, आपल्या नदीचा आणि फांद्या जेथे तुटल्या आहेत त्या जागांचा.