कळफलकाची निवड : एक भाषाशास्त्रीय विचार

संगणकाचा कळफलक निवडणे ही केवळ सोयीची बाब आहे, असा समज सार्वत्रिक आहे. आपला प्रबंध स्वतः टंकित करणारे विद्यार्थीही त्यास अपवाद नाहीत. वस्तुतः प्रत्येक कळफलक हे लिपीचे एक विश्लेषण असते. त्याची परीक्षाही विश्लेषण म्हणूनच व्हावयास हवी.

मराठीत आज प्रामुख्याने तीन पद्धती आढळतात. रेमिंग्टन पद्धती टंकलेखनयंत्रावरून आली. तीत अक्षराचे दृश्य अवयव हेच घटक मानले आहेत. अर्धा ‘ख’ व काना मिळून ‘ख’ होतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी उमटवावी लागते. यंत्राच्या मर्यादेतून निघालेल्या या व्यवस्थेस आता हाताच्या सवयीखेरीज समर्थन उरलेले नाही.

दुसरी रोमन लिप्यंतराची पद्धती. तिला ‘ध्वन्यनुसारी’ म्हणतात, ते यथार्थ नव्हे. ‘त’ व ‘ट’, ‘न’ व ‘ण’, ‘ल’ व ‘ळ’ यांसाठी रोमन लिपीत एकेकच अक्षर आहे. मग भेद राखण्याचे काम लहानमोठ्या अक्षरांवर किंवा यंत्राने सुचविलेल्या शब्दांच्या यादीवर पडते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील अर्थभेदक विरोध लेखकाने जाणावयाचा की यादीतून उचलावयाचा, हा प्रश्न गौण नाही.

तिसरी इन्स्क्रिप्ट, आय. एस. १३१९४ या १९९१ च्या भारतीय मानकात तिचा अंतर्भाव आहे. तीत स्वर डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे. ‘क’ व ‘ख’ एकाच कळीवर, महाप्राण वरच्या स्थानी. वर्णमालेची संगती येथे बोटांस शिकविली जाते. तथापि ती निर्दोष नाही. ‘म’ आणि ‘ण’ एका कळीवर का, याचे उत्तर वर्णविचारात सापडत नाही. आणि मराठीत पदोपदी येणारे ‘ण’ व ‘ळ’ दोन्ही वरच्या स्थानी गेल्याने प्रत्येक वेळी दुसरी कळ दाबावी लागते.

‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’चे भिन्न उच्चार कोणताच कळफलक वेगळे दाखवीत नाही, कारण लिपीच ते दाखवीत नाही. कळफलकाने उच्चार नव्हे, लेखन नेमके साधावे, एवढीच अपेक्षा रास्त होय. या कसोटीवर, दोष मान्य करूनही, भाषेच्या अभ्यासकाने इन्स्क्रिप्टच आत्मसात करावी, असे आमचे मत आहे. ज्यास आपल्या लिपीचे घटक दुसऱ्या लिपीतून आठवावे लागतात, त्याचे लिपीचे ज्ञान उसने राहते.