फायटर सारखा फोनमध्ये का बघतो?

आमच्या रविवारच्या टेबलावर मी विझर्ड होतो आणि माझा एक मित्र फायटर. खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची २०१४ची पाचवी आवृत्ती, लेव्हल ५. प्रत्येक लढाईत त्याचं वाक्य ठरलेलं : "तलवार मारतो, दोनदा." मग फासे टाकायचे आणि फोन उचलायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "अरे, तुमच्यात माझं काम काय?"

मी पडलो इंजिनिअर. उत्तर म्हणून एक्सेल उघडलं.

मोठी तलवार म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, सरासरी ७. त्यात ताकदीचे ४ मिळवा. दोन्ही वार लागले तर २२. माझा फायरबॉल म्हणजे आठ फासे, सरासरी २८, आणि तोही २० फूट त्रिज्येच्या वर्तुळातल्या प्रत्येकाला. पण फायरबॉल दिवसाला दोन, फार तर तीन. तलवार दिवसभर चालते. याच आवृत्तीच्या डन्जन मास्टरसाठीच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्यात. तेवढ्या झाल्या तर हिशोब बऱ्यापैकी जुळतो. मी त्याला शीट पाठवली. त्याने अंगठा दाखवणारा इमोजी टाकला आणि पुढच्या महिन्यापासून यायचा बंद झाला.

एक्सेल चुकलं नव्हतं, मोजमाप चुकलं होतं. पहिली गोष्ट, आम्ही रविवारी जेमतेम दोन चकमकी खेळायचो. म्हणजे माझं जपून वापरायचं बंधन कागदावरच राहिलं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. लढाई संपल्यावर विझर्ड उडू शकतो, अदृश्य होऊ शकतो, पुढे तर क्षणात दुसऱ्या शहरात पोचतो. लेव्हल १७ला त्याला 'विश' मिळतं, म्हणजे इच्छा बोलून दाखवायची आणि जग बदलायचं. त्याच लेव्हलला फायटरला काय मिळतं? आधीच्याच दोन क्षमता आणखी एकेकदा वापरायची मुभा. एक जण गोष्ट बदलतो, दुसरा आकडे वाढवतो.

हा प्रश्न जुनाच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४चा. पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत जादूगाराला प्राणांसाठी चार बाजूंचा फासा आणि सुरुवातीला एकच मंत्र असायचा. लढवय्याला दहा बाजूंचा फासा. आज सोसा, उद्या राज्य करा, असा तो सौदा. पण यात दोघंही कधी ना कधी कंटाळतात, फक्त पाळीपाळीने. त्याला मी समतोल म्हणणार नाही.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने मुळावर घाव घातला. सगळ्या क्लासना एकच साचा : काही क्षमता कायम, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. फायटर शत्रूला खूण करायचा. मग त्याला सोडून दुसऱ्यावर वार केला तर शत्रूला दोनचा तोटा. म्हणजे त्याच्या पाळीला निर्णय होता. तक्रार आली की सगळे क्लास सारखेच वाटतात, विझर्ड आणि फायटर एकाच फॉर्मच्या दोन प्रती. तक्रार खोटी नव्हती. पण साचा फेकताना पाचव्या आवृत्तीने तो निर्णयही बराचसा फेकून दिला, हे मला पटत नाही. २०२४च्या सुधारित पुस्तकात शस्त्रांना ढकलणं, पाडणं असे गुण आले. फसलेल्या कौशल्य-चाचणीत जास्तीचा फासा टाकायची सोय फायटरला मिळाली. दिशा बरोबर, पाऊल लहान.

म्हणून माझं मत : क्लासचा समतोल डॅमेजमध्ये मोजू नका. आपल्या पाळीला किती खरे पर्याय आहेत, आणि त्यातल्या कितींनी गोष्टीचं वळण बदलतं, ते मोजा. सारखी ताकद नसली तरी चालेल. सारखं महत्त्व हवं.

मित्र गेल्यावर नव्या मोहिमेत मी फायटर घेतला. तिसऱ्याच रविवारी दोन वार मारून झाल्यावर माझा हात आपसूक फोनकडे गेला. उघडून त्यालाच मेसेज केला : "शीट चुकीची होती. तुझं बरोबर होतं."