नमुना कोणाचा? : सुरगाणा तालुक्याच्या निमित्ताने विद्यार्थी-निवडीचा विचार

शालेय संपादणुकीच्या मोठ्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले म्हणजे चर्चा होते ती सरासरीची. कोणते राज्य वर चढले, कोणता जिल्हा खाली आला, एवढेच वाचले जाते. ज्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून ही सरासरी निघाली त्यांची निवड कशी झाली, हा प्रश्न परिशिष्टातच राहून जातो. वस्तुतः निष्कर्षाची विश्वसनीयता याच प्रश्नावर अवलंबून असते. प्रस्तुत टिपणात नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुका समोर ठेवून या निवडीची चिकित्सा करावयाची आहे.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची पद्धती स्थूलमानाने अशी आहे. शाळांची अधिकृत यादी ही निवडीची चौकट होय. तीतून पटसंख्येच्या प्रमाणात शाळा निवडल्या जातात. निवडलेल्या शाळेत एकाहून अधिक तुकड्या असतील तर एक तुकडी यादृच्छिक रीतीने घेतली जाते आणि तीतील फार तर ३० विद्यार्थी कसोटीस बसतात. २०१७ मध्ये सुमारे २२ लाख, तर २०२१ मध्ये सुमारे ३४ लाख विद्यार्थी अशा रीतीने तपासले गेले. आकडा भव्य आहे, यात शंका नाही. परंतु केवळ संख्येने नमुना प्रातिनिधिक होत नाही. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे सुमारे २४ लाख मतपत्रिका परत आल्या होत्या. तरीही अध्यक्षीय निवडणुकीचे त्याचे भाकीत साफ चुकले. मतपत्रिका ज्यांना धाडल्या त्यांची यादी एकांगी होती आणि उत्तर देणारे व न देणारे एका जातीचे नव्हते.

प्रथम शाळेच्या आकाराचा प्रश्न पाहू. समजा, एका शाळेत तिसरीचा पट ६० आहे व पाड्यावरील दुसऱ्या शाळेत तो १२ आहे. पटाच्या प्रमाणात निवड केल्यास पहिली शाळा निवडली जाण्याची शक्यता दुसरीच्या पाचपट असते. पहिलीत ६० पैकी ३० म्हणजे निम्मे विद्यार्थी घेतले जातात. दुसरीत सर्वच्या सर्व १२. म्हणजे मोठ्या शाळेतील विद्यार्थ्याची नमुन्यात येण्याची शक्यता लहान शाळेतील विद्यार्थ्याच्या अडीचपट झाली. सरासरी काढताना योग्य भार दिल्यास हा दोष दूर होतो. सुरगाण्यासारख्या, विखुरलेल्या पाड्यांच्या व लहान पटाच्या शाळांच्या तालुक्यात हा भार म्हणजे केवळ गणिती औपचारिकता नव्हे. तो वगळला तर लहान शाळांचा आवाजच क्षीण होतो.

परंतु भार देऊन दुरुस्ती होते ती निवडीच्या ज्ञात शक्यतेची. जे मूल त्या दिवशी वर्गातच नाही, त्याला भार कोठून देणार? त्याची जागा हजर मुलांच्या भाराने भरून काढली, तर गैरहजर मूल हजर मुलासारखेच आहे असे आपण गृहीत धरतो. सुरगाण्यात या गृहीतकाला मुळीच आधार नाही. गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा तालुका बहुतांशी आदिवासी लोकवस्तीचा व पावसाच्या शेतीवर जगणारा आहे. भात-नागलीची कापणी उरकून दिवाळी झाली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत आणि नाशिक परिसरातील अन्य कामांवर मजुरीस जातात. काही मुलेही बरोबर जातात. आता सर्वेक्षणाच्या तारखा पाहा : १३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१ आणि ‘परख’ सर्वेक्षणाची ४ डिसेंबर २०२४. तिन्ही तारखा त्या त्या वर्षीच्या दिवाळीनंतर पाच आठवड्यांच्या आत पडतात. मूल शाळेच्या पटावर असते, परंतु हजेरीत नसते. गैरहजेरीचे कारण दारिद्र्य असेल आणि दारिद्र्याचा संपादणुकीशी संबंध असेल, तर मिळणारी सरासरी वास्तवापेक्षा वरचढ दिसणार हे उघड आहे.

२०२१ च्या फेरीत आणखी एक गुंतागुंत होती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू झाले. इयत्ता तिसरीचे सर्वेक्षण मात्र त्यापूर्वीच पार पडले. नियमित वर्ग भरत नसताना जी मुले शाळेत आणता आली त्यांना ‘तिसरीचे विद्यार्थी’ या समष्टीचे प्रतिनिधी मानणे धाडसाचे होय.

यावर शाळा सोडून घरी जावे, असा उपाय सुचविला जातो. ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून हेच करीत आले आहे. जिल्ह्यातील ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे, आणि त्या घरांतील मुले, अशी त्याची रचना आहे. शाळेत न जाणारे मूलही त्यात सापडते, हा त्याचा मोठा गुण. परंतु घरात नियमित राहणारी मुलेच तेथे धरली जातात. सुरगाण्यातील अनेक मुले आश्रमशाळांत निवासी असतात. ती या मोजणीतून निसटतात. स्थलांतर केलेल्या कुटुंबाचे दार बंद असते, आणि बंद घराऐवजी पुढचे उघडे घर घेतले जाते. सारांश, एका पद्धतीला मजुरीस गेलेले मूल दिसत नाही. दुसरीला तेही दिसत नाही आणि आश्रमशाळेतले मूलही दिसत नाही. दोन्ही अहवालांतील आकडे शेजारी ठेवून त्यांतील फरकावर वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

नमुना-पाहणीची परंपरा आपल्याकडे नवी नाही. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या पाहण्यांत यादृच्छिक निवड रूढ करण्याचे मोठे कार्य केले, आणि १९५४ साली त्यांचा नमुना-सिद्धांतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु निवडलेल्या शेतातील पीक कापणीच्या दिवशी तेथेच उभे असते. मूल तसे नसते. म्हणून शिक्षणक्षेत्रात ही पद्धती वापरताना एक वेगळी जबाबदारी येते.

ती जबाबदारी पार पाडण्यास मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक निवडलेल्या शाळेसाठी पटावरील, त्या दिवशी हजर असलेले व प्रत्यक्ष तपासलेले विद्यार्थी, अशा तीन संख्या तालुकावार प्रसिद्ध कराव्यात. जेथे पट व हजेरी यांत मोठी तफावत आहे तेथे काही दिवसांनी पुन्हा भेट देऊन गैरहजर मुलांचा लहानसा उपनमुना तपासावा. आपल्या विद्यार्थ्यांना यात संशोधनाचा विषयही आहे. ३ नोव्हेंबर २०२३ चे राज्य संपादणूक सर्वेक्षण दिवाळीपूर्वी झाले, २०२४ चे दिवाळीनंतर. आणि दोन्हींत इयत्ता तिसरी, सहावी व नववी हेच वर्ग होते. या दोन दिवसांची सुरगाण्यातील हजेरी ताडून पाहिली, तर तारखेचा नमुन्यावर किती परिणाम होतो याचा काही अंदाज येऊ शकेल.

सरासरीवरून शिक्षक, निधी आणि लक्ष यांचे वाटप ठरते. निफाडच्या द्राक्षबागेत आईबापांबरोबर असलेले सुरगाण्याचे मूल निफाडच्या पटावर नसते आणि सुरगाण्याच्या हजेरीत नसते. जिल्ह्याची सरासरी सांगताना त्यात ते धरले आहे की नाही, एवढे तरी अहवालाने स्पष्ट लिहिले पाहिजे.