‘देवाचा दरबार’ आणि ख्रिस्ती निष्ठेचे मराठीपण

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्या काव्याचा विचार बहुधा एकाच निष्कर्षापाशी येऊन थांबतो : ख्रिस्ती आशयाला त्यांनी भक्तिसंप्रदायाचा वेष दिला. हा निष्कर्ष अपुरा आहे. प्रश्न केवळ वेषाचा असता, तर १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स ह्यांनी तो ओवीच्या द्वारे तीन शतके आधीच सोडविला होता. स्टीफन्स ह्यांनी भाषा मराठी घेतली; धर्मसत्तेचे स्थान मात्र अबाधित ठेवले. टिळकांनी हात घातला तो नेमका त्या स्थानालाच.

१८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनची सेवा केली. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. परक्या द्रव्यावर पोसलेली निष्ठा देशाला आपली वाटणार नाही, असा ह्या कृतीचा आशय दिसतो. होमरूलच्या त्या काळात तो राजकीयही होता. परंतु टिळकांच्या निधनानंतर दरबार मूळ धरू शकला नाही. मंडळ्यांनी त्यांची पदे उपासनेत स्वीकारली. त्या पदांमागील मागणी मात्र बाजूस राहिली.

टिळकांच्या भूमिकेलाही मर्यादा आहे. अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्या दृष्टीने प्रश्न परकीयत्वाचा होता, त्याहून अधिक अस्पृश्यतेचा होता. भक्तीच्या भाषेने राष्ट्राशी नाते जुळते. गावाच्या पाणवठ्याशी ते जुळतेच असे नाही. ह्या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अधिक खोल जातात. त्यांत जातिभेदाचा त्याग आधी येतो, बाप्तिस्मा नंतर. आणि ते परिवर्तन तत्त्वचर्चेत न घडता स्वयंपाकघरात घडते.

हा प्रश्न साहित्याच्या इतिहासापुरता उरलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता राखला. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती धर्मांतरितांचा झाला नाही. धर्म बदलला की जात सरते, असे ह्या वगळण्यामागील गृहीत आहे. मंडळीत व गावात जात टिकून राहिल्याचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

म्हणून मराठी ख्रिस्ती साहित्याचे मूल्यमापन केवळ ‘देशीकरणा’च्या कसोटीवर करणे सयुक्तिक नाही. ओवी आणि अभंग ह्यांनी ह्या निष्ठेला भाषेत घर मिळवून दिले. समाजात तिला कोणत्या पंक्तीला बसविले, हा प्रश्न त्यानंतरचा आणि त्याहून कठीण आहे.